क्रोध आणि साधक
(मठाच्या वर्धापनोत्सवात दिलेले व्याख्यान)





वर्धापनोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मठाच्या चालक मंडळींनी मला क्रोध या विषयावर बोलावयास सांगितले. उत्सवाच्या दिवशी नाम, भक्ती, गुरुकृपा असे विषय सोडून क्रोधासारखा अमंगल विषय कशाला, असे प्रथम वाटले. परंतु विचार करता मंडळींची निवड योग्यच दिसली. उत्सवाइतका क्रोधाला अनुकूल दुसरा काळ नाही. काकडआरतीपासून शेजारतीपर्यंत माणसे अर्धपोटी राबत असतात. पाणी वेळेवर येत नाही, पानांचा हिशोब चुकतो, कोणाला पहिल्या पंगतीस बसविले आणि कोणाला दुसऱ्या, यावरून कुजबुज सुरू होते. पालखीचा खांदा कोणाचा, यावरून सख्ख्या चुलत्यापुतण्यांचे चेहरे उतरतात. कचेरीत वर्षभर वरिष्ठांचे बोलणे मुकाट्याने ऐकणारा गृहस्थ सोवळे नेसून नैवेद्याच्या पानापाशी उभा राहिला म्हणजे त्याच्या अंगी जे तेज संचारते, ते तपाचे की क्रोधाचे, हे ज्याचे त्यानेच पाहावे. मी विनोद करीत नाही. आजच्या विवेचनाचा गाभाच हा आहे की, साधकाला जो क्रोध नडतो तो संसारी माणसाच्या क्रोधाहून काहीसा निराळा असतो. तो साधनेच्याच कपड्यांत येतो, आणि म्हणून ओळखू येत नाही.

क्रोधाची उत्पत्ती भगवंतांनी गीतेच्या दुसऱ्या अध्यायात सांगितली आहे, ती आपणां सर्वांस परिचित आहे. विषयांचे चिंतन, त्यातून आसक्ती, आसक्तीतून काम, काम अडला की क्रोध. क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश, स्मृती गेली की बुद्धिनाश, आणि मग सर्वनाश. या साखळीतील एकाच कडीकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. ती कडी म्हणजे स्मृतिभ्रंश. क्रोधाने मनुष्य दुष्ट होतो असे भगवंत तेथे म्हणत नाहीत. तो विसरतो, असे म्हणतात. काय विसरतो? समोरचा मनुष्य आपला कोण, त्याने आपल्यासाठी काय केले, आपण कोणाचे शिष्य, काल प्रवचनात काय ऐकले, हे सारे. वीस वर्षांचे श्रवण, मनन आणि पारायण एका घटकेपुरते पुसून जाते. नेमक्या ज्या घटकेसाठी ते श्रवण केले होते, त्याच घटकेला ते हाताशी नसते. साधकाच्या दृष्टीने याहून मोठी हानी ती कोणती?

जाता जाता एक गोष्ट सांगतो. तिसऱ्या अध्यायात भगवंत क्रोधाचा जन्म रजोगुणातून झाला असे सांगतात. इकडे समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात जो तमोगुणाचा समास घातला आहे, त्यात क्रोध भरल्यावर मनुष्य आईबाप, भाऊबहीण कोणालाच कसा ओळखीत नाही, याचे वर्णन केले आहे. क्रोध राजस की तामस, असा प्रश्न जिज्ञासू लोक विचारतात. मला यात विरोध दिसत नाही. क्रोध जन्मतो रजात आणि जातो तमात. त्याच्या आरंभी काहीतरी हवे असते. शेवटी काय हवे होते याचेही भान उरत नाही. भांडणाच्या दुसऱ्या दिवशी भांडण कशावरून सुरू झाले हे दोन्ही पक्षांना नीट सांगता येत नाही, हा अनुभव कोणाला नाही?

आता साधकाच्या क्रोधाकडे वळू. वाल्मीकिरामायणाच्या बालकांडात विश्वामित्रांची कथा विस्ताराने आली आहे. शतानंद ती रामाला सांगतात. विश्वामित्र राजाचे ऋषी होतात, पण ब्रह्मर्षी होण्यास त्यांना फार वर्षे लागतात. मेनकेची कथा सर्वांच्या तोंडी आहे. परंतु पुढची रंभेची कथा तितकी सांगितली जात नाही, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे. मेनकेच्या वेळी कामाने तप घालविले, हे विश्वामित्रांनी ओळखले. तिला त्यांनी गोड बोलून निरोप दिला आणि पुन्हा उग्र तप आरंभिले. मग इंद्राने रंभेस पाठविले. या वेळी ते फसले नाहीत. हे इंद्राचे काम आहे हे त्यांनी जाणले, आणि जाणताच संतापून तिला शिळा होण्याचा शाप दिला. कामाला जिंकले, पण त्याच क्षणी क्रोधाने जिंकले. तप पुन्हा गेले. वाल्मीकींचे मनुष्यस्वभावाचे ज्ञान येथे किती सूक्ष्म आहे ते पाहा. जो मनुष्य एका विकारावर मोठ्या कष्टाने जय मिळवितो, त्याला त्या जयाचा अभिमान असतो. आणि जो कोणी तो जय हिरावू पाहील, त्याच्यावर तो विलक्षण संतापतो. उपवास करणारा घरातल्या जेवणाऱ्यांवर चिडतो तो याच न्यायाने. पहाटे उठणारा उशिरा उठणाऱ्यांवर रागावतो. मौन पाळणाऱ्याच्या पाटीवरची अक्षरे पाहिली, तर कधी कधी शिव्या परवडल्या असे वाटते.

रंभेनंतर विश्वामित्रांना पश्चात्ताप झाला. आता क्रोध करणार नाही, बोलणारच नाही, असा निश्चय करून त्यांनी दीर्घकाळ मौन धरले. त्या तपाच्या अखेरीस ते अन्न घेण्यास बसले, तोच इंद्र ब्राह्मणाच्या रूपाने येऊन ते अन्न मागू लागला. विश्वामित्रांनी सारे अन्न देऊन टाकले आणि एक अक्षर न बोलता पुन्हा तपाला बसले. मला वाटते, ब्रह्मर्षिपद त्यांना त्या भाताच्या पानावर मिळाले. बाकीचे सोपस्कार मागाहून झाले.

दुसरे उदाहरण भागवताच्या प्रथम स्कंधातील. राजा परीक्षित शिकारीत थकून, भुकेने व तहानेने व्याकुळ होऊन शमीक ऋषींच्या आश्रमात आला. मुनी समाधीत होते. पाणी मागूनही उत्तर आले नाही. तेव्हा पूर्वी कधीही न आलेला असा क्रोध राजाला आला, असे भागवतकार मुद्दाम सांगतात, आणि त्याने धनुष्याच्या टोकाने मेलेला साप उचलून मुनींच्या गळ्यात टाकला. हे ऐकून मुनींचा पुत्र शृंगी संतापला आणि सातव्या दिवशी तक्षक दंश करील असा शाप त्याने दिला. येथे दोन क्रोध समोरासमोर आहेत. राजाचा क्रोध भुकेचा आणि थकव्याचा आहे. तो शरीरातून आला, आणि घरी पोहोचताच राजाला त्याची लाज वाटली. मुलाचा क्रोध पितृभक्तीचा आहे, धर्माचा आहे. त्याची लाज वाटण्याचे त्याला कारणच दिसले नाही. पण ज्यांच्या गळ्यात साप पडला होता ते शमीक काय म्हणाले? डोळे उघडल्यावर त्यांनी मुलाला शाबासकी दिली नाही. एवढ्याशा अपराधाला एवढा दंड दिलास, म्हणून ते दुःखी झाले. राजाच्या अपराधाचा त्यांनी विचारही केला नाही.

सज्जनहो, गुरूच्या, देवाच्या, संप्रदायाच्या मानासाठी आपण जे क्रोध करतो, ते बहुधा शृंगीचे क्रोध असतात. ज्यांचा अपमान झाला म्हणून आपण पेटतो, ते स्वतः शांत असतात. गुरूंची निंदा झाली म्हणून हातघाईवर येणाऱ्या शिष्याने एकदा मनाशी विचारावे, की गुरू येथे असते तर त्यांनी मला पुढे केले असते की मागे ओढले असते?

आता मी मुख्य कथेकडे येतो. ती आपल्याच भूमीची आहे. एकादश स्कंधाच्या तेविसाव्या अध्यायात श्रीकृष्णांनी उद्धवाला अवंती देशातील एका ब्राह्मणाची कथा सांगितली आहे. तिला भिक्षुगीता म्हणतात. अवंती म्हणजे आपला माळवा. इंदुराहून उज्जयिनी पंचावन्न किलोमीटरांच्या आसपास, एवढ्या परिसरातील ही गोष्ट. नाथमहाराजांनी याच एकादश स्कंधावर मराठीत टीका लिहिली. परंपरा असे सांगते की पहिले पाच अध्याय पैठणास झाले आणि उरलेले काशीस. ग्रंथ शके 1495 मध्ये, म्हणजे इसवी सन 1573 मध्ये, वाराणसीत पूर्ण झाला. पुढे होळकर-शिंद्यांच्या फौजांबरोबर आणि दप्तरांबरोबर आपले पूर्वज दक्षिणेतून इकडे आले, तेव्हा नाथभागवताच्या पोथ्या त्यांच्या पेटाऱ्यांतून आल्या. अवंतीची कथा काशीत मराठी झाली आणि मराठी माणसांबरोबर परत अवंतीला आली. तेव्हा ती इतरांपेक्षा आपण अधिक आपुलकीने वाचावयास हवी.

कथेला निमित्त उद्धवाचा प्रश्न. दुर्जनांनी केलेला अपमान कसा सोसावा, हे विद्वानांनाही कठीण वाटते, असे तो म्हणतो. उद्धव हा बृहस्पतीचा शिष्य, यादवांचा मंत्री, भगवंतांचा सखा. त्याने हे मोकळेपणाने कबूल करावे यातच आपल्याला मोठा दिलासा आहे. आणि भगवंतही त्याला सोपे आहे असे सांगत नाहीत. बाण मर्मात घुसले तरी जेवढी वेदना होत नाही तेवढी कठोर शब्दांनी होते, आणि ती सोसून मन आवरणारा साधू या लोकी दुर्मिळच, असे ते प्रथम मान्य करतात.

अवंतीतील तो ब्राह्मण शेती-व्यापार करून धनाढ्य झालेला. परंतु कृपण, कामी, लोभी आणि अतिकोपी होता. अतिकोपी हे विशेषण मूळ ग्रंथातच आहे, आणि ते विसरता कामा नये. हा काही जन्मतः शांत मनुष्य नव्हे. आप्तांना, अतिथींना शब्दानेसुद्धा त्याने कधी संतुष्ट केले नाही. पुढे त्याचे धन गेले. काही नातलगांनी घेतले, काही चोरांनी, काही राजाने, काही काळाने. धन गेल्यावर घरच्यांनी त्याची उपेक्षा केली. तेव्हा त्याला खरा अनुताप झाला. धनापासून उत्पन्न होणारे पंधरा अनर्थ त्याने मोजले. त्यांत चोरी, हिंसा, असत्य, दंभ यांबरोबर क्रोधही आहे. मग त्याने त्रिदंड घेतला आणि तो भिक्षू झाला.

साधी कथा असती तर येथे संपली असती. श्रीमंत दरिद्री झाला, विरक्त झाला, सुखी झाला. परंतु भागवत येथून खरी गोष्ट सुरू करते. त्या म्हाताऱ्या, मळक्या भिक्षूला पाहून गावचे लोक त्याला छळू लागले. कोणी दंड हिसकावून घेतला, कोणी कमंडलू, कोणी जपमाळ, कोणी अंगावरची चिंधी. परत देतो म्हणून दाखवायचे आणि पुन्हा ओढून घ्यायचे. मिळालेली भिक्षा घेऊन तो नदीकाठी खाण्यास बसला, तर त्या अन्नावर त्यांनी मूत्र केले, डोक्यावर थुंकले. भागवतात नदीचे नाव नाही. परंतु माळव्यातल्या श्रोत्याच्या डोळ्यांपुढे क्षिप्रा उभी राहते, त्याला इलाज नाही. तो मौन धरी, तर त्याला बोलावयास लावीत. न बोलला तर मारीत. दोरीने बांधीत. आणि या सर्वांवर कडी म्हणजे, हा ढोंगी आहे, पैसा गेला, घरच्यांनी हाकलले, म्हणून याने पोटासाठी हे सोंग घेतले आहे, असे म्हणत.

या शेवटच्या बोलण्यावर मी थोडा थांबतो. मार सोसता येतो. अन्नाची विटंबनाही एखादा सोशील. परंतु साधकाची साधनाच खोटी आहे असे म्हटले की आत आग लागते. आणि त्यातही गंमत अशी, की लोकांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. पैसा गेला होता हे खरे, घरच्यांनी टाकले हेही खरे. अर्धे खरे असलेले दूषण सर्वांत अधिक झोंबते. आपणही एखाद्या शब्दावर का चिडलो याचा शोध घेतला, तर पुष्कळ वेळा त्या शब्दात आपल्याविषयीचे काहीतरी खरे सापडते, आणि ते दुसऱ्याने पाहिले याचा आपल्याला राग आलेला असतो.

त्या भिक्षूने काय केले? त्याने क्रोध गिळला असे भागवत म्हणत नाही. त्याने विचार केला. मला हे दुःख कोण देत आहे, असा प्रश्न त्याने स्वतःस विचारला आणि एकेकाला साक्षीला बोलवावे तसे एकेक कारण तपासले. हे लोक कारण आहेत काय? यांचा देह मातीचा, माझाही देह मातीचा. मातीने मातीला मारले, त्यात आत्म्याचे काय गेले? बरे, इंद्रियांच्या देवता कारण म्हणाव्यात, तर सर्वांच्या इंद्रियांत त्याच देवता आहेत. आपल्याच एका अवयवाचा दुसऱ्याला धक्का लागला तर कोणावर रागवावे? येथे तो दातांचा आणि जिभेचा दृष्टांत देतो. जेवताना आपलीच जीभ आपल्याच दातांखाली सापडली तर वेदना होते. पण दात पाडून टाकावे असे कोणाला वाटत नाही. मग ग्रह कारण असतील काय? ग्रहांची पीडा जन्मलेल्या देहाला; जो जन्मलाच नाही त्याला ग्रह काय करणार? ज्या उज्जयिनीच्या रेषेवरून आपले ज्योतिषी रेखांश मोजीत आले, त्या अवंतीतलाच हा मनुष्य ग्रहांना निर्दोष सोडतो, हे मला फार आवडते. आजही घरात भांडण झाले की मंगळाकडे बोट दाखविणारे पुष्कळ आहेत. कर्म आणि काळ यांचीही तो तशीच चौकशी करतो आणि त्यांनाही सोडून देतो. शेवटी उरते ते मन. शत्रू, मित्र, उदासीन हे भेद तेच करते, आणि सुखदुःखाचे चक्र तेच फिरविते.

यातून तो एक निष्कर्ष काढतो, तो उत्सवाच्या दिवशी अवश्य ऐकावा. दान, स्वधर्म, यम, नियम, शास्त्राभ्यास, व्रते या सर्वांचा शेवट मनोनिग्रहात व्हावयाचा आहे. मन शांत असेल तर दानाचे त्याला काही उरत नाही. आणि मन आवरले नसेल तर दानाने काय साधले? भिक्षू येथे दानाला कमी लेखीत नाही. दान कशासाठी ते सांगतो. आपण महापूजा करून उठलो आणि ताम्हण जागच्या जागी नाही म्हणून सुनेवर ओरडलो, तर पूजा कोठे पोहोचली असे समजावे?

या विचारावर एक मोठा आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. सर्व दुःखाचे कारण मन, असे एकदा ठरले की अन्याय करणाऱ्याचे फावते. मारणाऱ्याने मारावे, आणि मार खाणाऱ्याला तुझ्या मनाचा दोष म्हणून भिक्षुगीता वाचून दाखवावी, असा प्रकार आपल्या घरांत पूर्वी झाला आहे आणि आजही होतो. विशेषतः स्त्रियांच्या वाट्याला तो आला. ज्या घरात सर्वजण एका सुनेला शांत राहा म्हणून सांगत असतात, त्या घरात उपदेशाची गरज तिला नसून इतरांना असते. म्हणून मी स्पष्ट सांगतो, की भिक्षुगीता ही दुसऱ्याला सांगण्याची गीता नव्हे. कृष्णांनी ती उद्धवाला सांगितली, कारण उद्धवाने स्वतःसाठी विचारले. छळणाऱ्यांपैकी कोणी उठून ती त्या भिक्षूला सांगितलेली नाही. अन्यायाचा प्रतिकार करावा, मुलाला चुकल्यास शासन करावे, हिशोबात घोटाळा असेल तर तो सभेत विचारावा. यांपैकी एकाही गोष्टीला क्रोधाची आवश्यकता नाही. क्रोध आला की उलट ती गोष्ट बाजूला राहते आणि आपण कोणत्या शब्दांत बोललो याचीच चर्चा होते.

नाथांच्या चरित्राकडे पाहिले तर भिक्षुगीतेवर टीका लिहिणाऱ्याने ती कशी पचविली होती हे दिसते. गोदावरीचे स्नान करून येताना अंगावर पुन्हा पुन्हा थुंकणाऱ्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. मी ती पुन्हा सांगत नाही. दुसरी एक आख्यायिका अधिक घरगुती आहे. नाथांना राग आणून दाखवशील तर द्रव्य देऊ, असे कोणीतरी एका गरजू ब्राह्मणाला सांगितले. तो थेट नाथांच्या घरात शिरला आणि पूजेला बसलेल्या नाथांच्या मांडीवर जाऊन बसला. नाथांनी त्याचे प्रेम वाखाणून त्याला जेवावयास ठेवून घेतले. गिरिजाबाई वाढण्यास वाकल्या तोच तो त्यांच्या पाठीवर चढला. नाथ म्हणाले, जपा, पाहुणे पडतील. गिरिजाबाईंनी उत्तर दिले की हरीला पाठीवर घेऊन काम करण्याची मला सवय आहे, मी यांना पडू देणार नाही. हरी म्हणजे त्यांचा मुलगा.

कीर्तनात ही कथा ऐकताना आपण नाथांकडे पाहतो. गिरिजाबाईंकडे पाहत नाही. वास्तविक त्या प्रसंगी अपमान त्यांचा झाला होता, हातात तापलेले अन्न होते, पाठीवर परका पुरुष होता. विचार करण्यास, सहा कारणे तपासण्यास अवधीच नव्हता. तरी जे उत्तर आले ते आईचे आले. एवढे त्वरित उत्तर त्या क्षणी तयार करता येत नाही. ते पुष्कळ आधीपासून मनात तयार व्हावे लागते. भिक्षूचा विचार आणि गिरिजाबाईंचे वात्सल्य, या दोन वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात. आणि ज्यांना विचाराची वाट कठीण वाटते त्यांनी दुसरीने जावे. समोरचा मनुष्य उपाशी आहे, थकला आहे, कोणाच्या तरी पैशासाठी हे करीत आहे, त्याला पडू देऊ नये, एवढे सुचले तरी पुरे आहे.

क्रोधाचे आणखी एक रूप सांगावयाचे राहिले. ते म्हणजे रुसवा. ताटीच्या अभंगांमागील परंपरागत प्रसंग आपणांस ठाऊक आहे. लोकांच्या बोलण्याने खिन्न होऊन ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आत बसले आणि धाकट्या बहिणीने, मुक्ताबाईने, बाहेरून त्यांची समजूत घातली. ओरडणारा क्रोध सर्वांना दिसतो. दार लावून बसणारा क्रोध शांतीसारखा दिसतो. मी कोणाला काही बोललो नाही, मी फक्त जाणे सोडले, असे सांगणारी किती माणसे आपल्या प्रत्येक संस्थेच्या अवतीभवती आहेत! बोललो नाही ही गोष्ट खरी. परंतु ताटी लावलेली आहे. दोन भाऊ वाटणीवरून वेगळे झाले, आज त्यांची नातवंडे एका शाळेत जातात. हे दोघे मठात येतात, एकाच मूर्तीला नमस्कार करतात, आणि एक पूर्वेच्या दाराने जातो तर दुसरा पश्चिमेच्या. असे दृश्य कोणत्या गावी नाही? क्रोध केव्हाच थंड झाला, पण ताटी कोणी उघडावी हे ठरत नाही. तेथे मुक्ताबाई लागते, आणि ती वयाने लहान असावी लागते. पुष्कळ घरांत असे दार नातवंडांनीच उघडले आहे; वडील माणसांनी त्यांना अडवू नये एवढीच विनंती.

साधनेच्या दृष्टीने काही साध्या सूचना करतो. परीक्षिताचा क्रोध भुकेतून आला हे लक्षात ठेवून, उपवासाच्या दिवशी व्यवहाराचे, वाटणीचे, देण्याघेण्याचे बोलणे काढू नये. रागाने लिहिलेले पत्र त्या दिवशी टपालात टाकू नये. आता तर पत्र लिहिण्याचीही गरज उरली नाही, खिशातल्या यंत्रावर बोट ठेवले की शिवी शंभर घरी पोहोचते, म्हणून ही खबरदारी अधिकच हवी. रात्री जपाला बसण्यापूर्वी दिवसभरात कोणावर रागावलो ते आठवावे, आणि भिक्षूचा प्रश्न त्याला लावून पाहावा, की मला दुःख नेमके कोणी दिले. हे आधी लहान रागांवर करावे: दुधात पाणी घालणारा, उशिरा येणारा, वर्तमानपत्राची घडी मोडणारा. मोठा प्रसंग येईल तेव्हा स्मृती जाणार हे तर भगवंतांनी सांगूनच ठेवले आहे. लहान प्रसंगांत हा प्रश्न घटवला असेल तर कदाचित ती थोडी उशिरा जाईल, किंवा थोडी लवकर परत येईल. एवढा लाभही लहान समजू नये. शाप देण्यापूर्वी शृंगीला एक घटका मिळाली असती, तर त्याने वडिलांच्या गळ्यातला साप आधी काढला असता.

भिक्षुगीतेवर प्रवचन झाले की कोणीतरी हमखास विचारतो, पुढे त्या लोकांचे काय झाले? ते सुधारले काय? त्यांनी त्याची क्षमा मागितली काय? आपल्याला कथेचा तसा शेवट हवा असतो. भागवतात तसे काही नाही. लोक बदलल्याचा उल्लेख नाही, देव प्रकट झाल्याचा नाही, गेलेले धन परत मिळाल्याचाही नाही. दुष्टांनी तिरस्कार केला तरी स्वधर्मापासून न ढळता तो ती गाथा म्हणत पृथ्वीवर फिरत राहिला, एवढेच सांगून श्रीकृष्ण उद्धवाकडे वळतात.